अडीच लाख लिटर

पर्यावरणाच्या बातम्या करणाऱ्या चौदा पत्रकारांना शोधकाम शिकवायला बाई आल्या होत्या, आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचा घसाही बसला होता आणि धीरही सुटला होता. आकडा कुणी मोजला, कशानं मोजला, कधी मोजला, एवढे तीनच प्रश्न कानीकपाळी ओरडून सांगितले होते. माना डोलावण्यात सगळे एकाहून एक तरबेज. गृहपाठ तपासायला घेतला तर चौदाही कागदांवर एकच आकडा: रंगाच्या कारखान्याचा पाइप नदीत रोज अडीच लाख लिटर सांडपाणी सोडतो.

"हा कुठून आणला?"

"सगळीकडे तोच आहे, मॅडम," मागच्या बाकावरचा म्हणाला.

"सगळीकडे हा काय पत्ता झाला?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांना खरी काळजी होती ती पहिल्या बाकावरच्या मुलीची. तिची बातमी तयार होती, पण कारखान्याच्या वकिलानं या आकड्याचा आधार मागितला होता. सोमवारपर्यंत तो दाखव, नाहीतर बातमीही नाही आणि नोकरीही नाही, असं संपादकानं तिला बजावलं होतं.

"चला, उलटं चालत जाऊ," बाई म्हणाल्या आणि फळ्यावर बाण काढायला लागल्या. मुलीनं आकडा एका संस्थेच्या अहवालातून घेतला होता. अहवालानं कुणाच्या प्रबंधातून उचलला होता, प्रबंधानं दुसऱ्या अहवालातून. जो तो मागच्याची री ओढत आलेला. बाईंचा पारा प्रत्येक बाणाबरोबर चढत होता. एकानंही पाइपापर्यंत जायची तसदी घेतली नव्हती.

शेवटी मुलीनं लॅपटॉपवर अठरा वर्षांपूर्वीचं एक कात्रण उघडलं. "इथे थांबतंय, मॅडम. पण बातमीवर नाव नाही. नुसतं 'विशेष प्रतिनिधी' आहे."

बाईंनी मथळा वाचला आणि त्यांच्या हातातला खडू तसाच राहिला. याच बातमीनं त्यांना त्या काळी वर्तमानपत्राच्या कचेरीत नाव मिळवून दिलं होतं. ती कुणाची हे या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. आधार सापडत नाही म्हणून सांगितलं असतं तरी खपून गेलं असतं, आणि क्षणभर त्यांना तसंच करावंसं वाटलं. स्वतःचीच भयंकर चीड आली.

"मी होते ती," त्या म्हणाल्या.

मागच्या बाकावरच्यानं मोबाइल खाली ठेवला. मुलगी मात्र पेन सरसावून बसली.

"कशानं मोजलं?"

"वीस लिटरची बादली. सात सेकंदांत भरली."

"किती वेळा?"

"एकदा. मग दिवसाचा हिशेब मांडला."

"पाइप दिवसभर चालू असतो?"

"ते विचारलंच नाही मी."

मुलीनं तेही लिहून घेतलं. मग तिचा चेहरा पडला. "मग माझं काय, मॅडम?"

"उद्या सकाळी सहाला पाइपापाशी ये. दर तासाला बादली लावायची, परवा सहापर्यंत. मी येते."

"आणि आकडा अगदीच कमी निघाला तर?"

"तर तोच लिही. आणि आधीचा चुकीचा होता, हेही लिही. माझ्या नावासकट."

बाईंनी फळ्यावरच्या शेवटच्या बाणापुढे स्वतःचं नाव लिहिलं. चौदा जणांनी ते मुकाट्यानं वहीत उतरवून घेतलं.