तीन दंडुके

मुर्रीचे निवृत्त हवालदार योगराज बिसेन यांच्याकडे एकवीस जुने दंडुके होते. जबलपूर-नागपूरच्या भंगारवाल्यांकडून आयुष्यभर जमवलेले. त्यातले तीन टॉवेलात गुंडाळून ते ठाण्याची पायरी चढले. जावई उमेंद्रला चोरीच्या संशयावरून उचलून दोन दिवस झाले होते. ना अटक दाखवली, ना कोणाला भेटू दिलं. ठाणेदाराला जुन्या वस्तूंचा नाद आहे, एवढंच त्यांच्या कानावर होतं.

"बाबा, काहीबी करा, पन त्याईले घेऊन या," निघताना हर्षिता म्हणाली होती. पोरीचे डोळे रडून रडून कोरडे पडले होते.

ठाणेदारानं टॉवेल सोडला. "अरे वा! मुकुट रंगवलाय यावर?"

"हो साहेब, इंग्रजांच्या वेळचा."

"आणि हा एवढा आखूड?"

"कोटाच्या आत लपवाचा. टोकाले पितळेची टोपी, अन्..."

आतल्या खोलीतून किंकाळी आली. योगराज थांबले. आवाज उमेंद्रचाच होता.

"बोला ना. हा तिसरा?"

"शिसमचा. मुठीले खाचा हायेत. घामानं हात सरकू नये..." पुन्हा किंकाळी. योगराजनी हात जोडले. "साहेब, तिन्ही ठेवा. घरचे सारे आणून देतो. पोराले सोडा!"

संध्याकाळी सोडलं. पण आधी कागद पुढे आला: मोटारसायकलवरून पडून मार लागला. नोकरीत असे कागद त्यांनी स्वतःच कितीदा पुढे सरकवले होते. त्यांनी मुकाट सही केली.

दवाखान्यात उमेंद्रला पालथं निजवलं. पाठीवर काळ्यानिळ्या जोड रेघा, मधली कातडी पांढरी.

"कशानं लागलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गाडीवरून पडलो," उमेंद्र पुटपुटला. हर्षिता बापाकडे बघत राहिली.

"खोटं हाय," योगराज म्हणाले. "दंडुक्याचा मार हाय हा. गोल लाकूड बसलं का अशाच जोड रेघा उठतात. मी सही केली तेबी खोटीच. लिहा मॅडम."

उमेंद्रनं त्यांचं मनगट धरलं. "मामाजी, नका. मले पुन्हा नेतील."

"तुले नाही, मले नेतील."

म्हणाले खरे, पण त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता. डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. हर्षितानं उठून खोलीला आतून कडी लावली.