मेणाची नौका आणि खरं ओझं

मी मेणाची एक जुनी ढेप आहे. हसू नका मित्रांनो, आरमारातल्या कितीतरी युद्धनौका पोलादाच्या होण्याआधी माझ्या अंगानं पाण्यात उतरल्या आहेत.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गॉस्पोर्ट गावी आमच्या शेडमध्ये पाण्याची एक लांबलचक टाकी आहे. नव्या नौकेचा आराखडा आला की मला वितळवून, दोन माणसांच्या लांबीची ओतून, तासून तिचा आकार देत. मग रुळांवरची गाडी मला पाण्यातून ओढी. पाणी किती अडवतं यावरून खऱ्या नौकेचा वेग काढत. काम झालं की मी परत कढईत.

कौतुक व्हायचं ते वेगाचं, आणि मीही त्यानं फुगायची. वजनासाठी माझ्यात शिशाच्या थैल्या ठेवत, पण पुऱ्या भाराच्या नव्हे. गोदीसुद्धा चाचणीच्या दिवशी नौका अर्ध्या तेलावर, तोफगोळ्यांशिवाय पळवायची. सगळेच देश तसं करायचे, त्यामुळे कुणाला त्यात खोट दिसत नव्हती.

त्या वर्षी पुढच्या दहा वर्षांच्या आरमाराचा आराखडा ठरत होता. धान्याच्या बोटींच्या रक्षणासाठी आठ सडपातळ, वेगवान नौका बांधायच्या, की तेवढ्याच पोलादात वीस रुंद आणि संथ? लंडनहून आलेले कॅप्टन लाइल आठांच्या बाजूचे होते. ताशी छत्तीस सागरी मैल धावणारी नौका हाक येईल तिथे वेळेवर पोचेल, मग वीस कशाला, असं ते म्हणत. मी त्या सडपातळ नौकेच्या रूपात धावले आणि छत्तीस भरले. कॅप्टनसाहेब खूश झाले.

शेडमध्ये आकडेमोड करणारी एडना ट्रिबेक मात्र खूश नव्हती. तिचा भाऊ सिरिल अशाच एका नौकेवर बॉयलर सांभाळायचा. रविवारी जेवताना तो सांगायचा, तेलानं आणि तोफगोळ्यांनी पोट भरलेली नौका तिशीच्या पुढे जात नाही. एडनानं धीर करून पुऱ्या भाराची चाचणी मागितली.

"बाई, इतर देश हलक्या नौकेचाच आकडा सांगतात," कॅप्टन म्हणाले. "आपलीच नौका कागदावर मंद दिसेल."

"शत्रू कागदावर येणार असेल तर हरकत नाही, साहेब."

नोकरी गेलीच, असं तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. मग म्हातारे फोरमन जॉलिफ पुढे आले आणि त्यांनी शिशाची पहिली जादा थैली उचलून माझ्यात ठेवली.

मी खोल बसले. पाणी माझ्या नाकावर चढलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. आकडा आला एकोणतीस. कॅप्टननी पुन्हा धावायला लावलं. पुन्हा एकोणतीसच.

कॅप्टन मनानं खोटे नव्हते. त्यांनी दोन्ही आकडे लंडनला कळवले. आराखड्यात आठांच्या जागी दोनच राहिल्या, कारण घाईनं आधीच सुरू केलेल्या त्या दोन गोदीत अर्ध्या बांधून झाल्या होत्या. उरलेल्या पोलादात रुंद नौका ठरल्या. दुसऱ्या दिवशी मला वितळवून तीच रुंद नौका केली. एडनाला शाबासकी कुणी दिली नाही.

पुढे युद्ध आलं. सिरिलची बदली त्या दोन सडपातळ नौकांपैकी एकीवर झाली. रजेवर आला तेव्हा तो टाकीच्या काठावर बहिणीशेजारी उभा राहिला.

"धान्याच्या बोटीची हाक आली होती," तो म्हणाला. "आम्ही होता तेवढा जोर लावला, एडना. पोचलो तेव्हा पाण्यावर खलाशांच्या नुसत्या टोप्या होत्या."

एडनानं त्याचा हात घट्ट धरला.

आता माझ्या कढईखाली कुणी आग पेटवत नाही. मी कोपऱ्यात धूळ खात पडून असते, आणि त्याचं मला फारसं दुःख नाही. माझं मागणं एवढंच आहे, मित्रांनो. ज्याच्या भरवशावर कुणीतरी वाट बघत बसणार आहे, त्याची परीक्षा पाठीवर पुरं ओझं देऊनच घ्या. मला हलकी ठेवून माझं जे कौतुक केलं, त्याची किंमत त्या टोप्यांच्या धन्यांनी मोजली.