मुक्या लग्नाचा धवला

पंढरीने रिमोटचा खटका दाबून दाबून आवाज पार शंभरावर नेला, तरी टीव्हीतली माणसं मुकीच. शेवटी त्याने नातीला फोन लावला. जागृती ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कामाला होती.

"जागे, टीवी बिघरला. मानसां तोंड हलवतान, पन आवाज नाय."

"अरे आजा, बिघडला नाय तो!" जागृती हसायलाच लागली. "सिनेमेच तसे आहेत. शंभर वर्षांपूर्वीचे, विनोदी. तेव्हा सिनेमात बोलणंच नव्हतं. दहा-बारा मिनिटांचा एकेक. लोकं विसरून गेलेत, मी शोधून शोधून काढलेत. आजीसाठी. तू नुसता बस तिच्यासोबत."

आजी म्हणजे ठमाबाई, गावची धवलारीण. मांडवात भटजी नंतर. आधी धवलारणीचा धवला. ती गाऊन धरतीला, सूर्य-चंद्राला, खाडीला, घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाला बोलावते, तेव्हा कुठे लगीन लागतं. चाळीस वर्षं ठमाबाईने दिव्यापासून कल्याणपर्यंत किती जोडपी अशी गाऊन उभी केली, त्याला गणती नाही. गेल्या दिवाळीआधी तिला अर्धांगाचा झटका आला. हात-पाय सावरले. बोल मात्र गेला तो गेलाच. टीव्हीवर कोणी बडबडायला लागलं की ती भिंतीकडे तोंड फिरवायची.

आणि वैशाखात जागृतीचंच लग्न. तिचा बाप, पंढरीचा मुलगा प्रितम, रोज सकाळी बूट चढवता चढवता विचारायचा, "बाबा, धवल्याला भोपरच्या बायला आवतान देऊ ना? रविवारपर्यंत सांगा." पंढरी चहात बघत बसायचा. हो म्हणायचं म्हणजे ठमीला तोंडावर सांगायचं, तुझा गळा संपला. आज शुक्रवार होता.

पडदे ओढलेले. दुपार खोलीत ताकासारखी निवळत पडलेली. टीव्हीत एक काडीपैलवान लांबच्या लांब शिडी खांद्यावर घेऊन वळला, मागचा ढेरपोट्या पोलीस शिडीच्या टोकाने चिखलात आडवा.

"परला गो परला!" पंढरी ओरडला.

ठमाबाईने भिंतीकडून मान वळवली.

मधेच काळ्या पाटीवर इंग्रजी अक्षरं यायची. पंढरीला इंग्रजी कुठून येणार? पण तो मोठ्याने वाचायचा. "पोलीस बोलतय, माझा सदरा बायकूनी कालच धुतलाय. आता घरी कनच्या तोंडाने जाऊ?" ठमाबाईच्या ओठाचा एक कोपरा हलला. वाकडाच, पण हलला.

त्या माणसांचे चेहरे पांढरेफटक होते. बघता बघता पंढरीला वाटलं, यांना आपण ओळखतो. हे आपल्या जवानीतल्या मिठागरातलेच गडी. भुवयांवर मीठ, पापण्यांवर मीठ. उन्हात असं झगझगायचं, की माणूस चालतोय का तरंगतोय कळायचं नाही. तिथे वारा बोललेलं पळवून न्यायचा, म्हणून सगळं बोलणं हाताने. बांधावर ठमी डोक्यावर दुरडी घेऊन उभी राहायची. एक हात वर केला की भाकर आली, दोन्ही केले की मासळीही आहे. एकदा ते दोन हात बघून तो धावत सुटला आणि घसरून खाऱ्या पाण्यात बसकण मारली. ती हसली होती. आवाज पोचला नव्हता, पण हसू पोचलं होतं.

चौथा सिनेमा लग्नाचा निघाला. नवरदेवाच्या अंगावर खळीची बादली उपडी झालेली. तो धावतोय, वाटेत जे येईल ते त्याला चिकटतंय. टोपी, कोंबडी, कोणाची तरी छत्री. तसाच तो देवळात पोचला. नवरीने त्याचा हात धरला तर तीही चिकटली. दोघं एकमेकांकडे बघून हसली, झालं लग्न.

ठमाबाई ताडकन उठून बसली. तिने नवरीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे.

पंढरीने पाणी आणलं. तिने तांब्या सारला. त्याने गोळी आणली. तिने असं बघितलं, की गोळी परत डबीत गेली. तिने पुन्हा नवरी दाखवली, पुन्हा गळा, आणि पलंगाच्या कडेवर बोटांनी ठेका धरला. एक लांब, दोन आखूड.

तो ठेका पंढरीने चाळीस वर्षं मांडवाबाहेर विड्या ओढत ऐकला होता.

"अगो," तो हळूच म्हणाला, "यांचा लगीन धवल्याबिगर लागला, म्हनून?"

ठमाबाईने मान डोलावली. डोळे भरून आले.

आता धवला हे बायांचं काम. पुरुषाने कधी तोंडात घेतला नाही. पंढरीने दार लोटलेलं आहे ना ते पाहिलं, सिनेमा मागे नेला, ती दोघं पुन्हा हातात हात चिकटवून उभी राहिली, आणि त्याने फाटक्या आवाजात सुरुवात केली.

"पैलं आवतान कुनाला, गो कुनाला?
पैलं आवतान सूर्याला, गो सूर्याला..."

पलंगावर चापट पडली. ठमाबाईचा चेहरा लालबुंद. मांडवाची मेढ जिच्या पोटात रोवायची, तिला सोडून पहिलं बोलावणं सूर्याला? असली चूक मांडवात कोणी केली असती, तर तिने उठवून लावलं असतं. तिचे ओठ थरथरले, गळ्याची शीर ताणली, आणि मीठ सुटावं तसा एकेक कण सुटत सूर आला.

"ध... धर्तरीला, गो धर्तरीला."

टीव्हीतली नवरी हसत होती.

पंढरी पलंगाजवळ सरकला. मग सावकाश म्हणाला, "ठमे, एकदा मना हाक मार." तिने तोंड उघडलं. नुसता वारा आला. पुन्हा उघडलं, पुन्हा वारा. तिने हात जोडल्यासारखे केले.

"ऱ्हावदे," तो म्हणाला, आणि मुद्दाम पुन्हा चुकीचं गायला. "पैलं आवतान सूर्याला..."

"धर्तरीला!" ती गाऊन गरजली.

प्रितम घरी आला, तेव्हा त्याने बूट काढायच्या आधीच बाप बोलला.

"भोपरच्या बायला बोलव. सगला धवला ती गाईल. पन पैला आवतान तुझी आय घालंल. तवरं त्या बायनी गप बसायचा."

"आई?" प्रितम एका पायावर उभाच राहिला. "आई गाईल कशी?"

पंढरीने पलंगाकडे बघून दोन्ही हात वर केले. ठमाबाई हसली.

"मी आधी चुकीन," तो म्हणाला.