मागचा दिवा

आमच्या ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. स्वतःची एकच घेतली, तीही जुनी, आणि तिला कुणाला हात लावू दिला नाही. मीसुद्धा दार हळू लावायचं, असा कायदा.

परवाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी गाडीची सरकारी तपासणी होती आणि मागचा दिवा लागत नव्हता. थोरला म्हणाला, "बाबा, नापास झाली तर भंगारात देऊन टाकू. कटकट मिटेल."

हे उठले. शेडमध्ये गेले, स्टूल चाचपून बसले. मागोमाग मी.

दिव्याचं लाल झाकण काढलं, तर बल्ब बुडाशी हिरवागार गंजून रुतलेला. ह्यांनी धरला नि सरळ ओढला. काच फुटली, बूड आतच राहिलं, अंगठ्यातून रक्त आलं.

"अहो, आधी दाबायचा, मग फिरवायचा ना? अख्ख्या गल्लीला शिकवलंत आणि स्वतः हे?"

"हात थरथरतो गं."

"मग सरका. माझा नाही थरथरत."

लग्नापासून पहिल्यांदा सरकले.

"बॅटरीची तार सोड आधी. आता बारीक तोंडाची पक्कड बुडात घाल आणि आतून फाकव, म्हणजे पकड येईल. दाब. डावीकडे."

"हलत नाही मेला!"

"तेल सोड नि थांब. जबरदस्ती केलीस तर खोबणच तुटेल."

"मला नका शिकवू. तुमच्याशी संसार केलाय मी."

तेल मुरू दिलं. दाबून फिरवलं, तसं ते बूड किडक्या दाढेसारखं कट्‌कन हातात आलं. खोबण घासली, नवा बल्ब बसवला, तार जोडली.

"आत बसून ब्रेक दाब. मी मागून बघतो."

दाबला. "लागला का हो?"

मी आरशात बघितलं. मागची भिंत उजळली होती. आणि हे त्या उघड्या बल्बापाशी वाकून, तवा तापला का बघावा तसा तळहात धरून उभे.

"लागला," जरा वेळाने म्हणाले.

मी किल्ली काढून घेतली आणि खाली उतरले.

"किल्ली दे. उद्या लवकर निघतो."

"कधीपासून दिसत नाही?"

ते पक्कड पुसत राहिले. "उजव्याने थोडं दिसतं. थोरल्याला सांगू नकोस. गाडी जाईल."

"डोळे लपणार नाहीत. सांगणार मीच. पण गाडी कुठे जात नाही. माझ्या हातचा दिवा आहे तिच्यात. सून चालवेल, तुम्ही शेजारी बसून तिच्यावर ओरडा."

"ती गिअर खरवडते."

"मग शिकवा."

ह्यांनी झाकण उचललं. स्क्रूचं भोक सापडेना. मी त्यांचं बोट धरून त्यावर ठेवलं. पिळला मात्र त्यांनीच.