गाळलेलं पाणी

एकच बुडबुडा, मोहरीएवढा, पत्र्याला चिकटून बसला होता आणि काही केल्या सुटत नव्हता. गेल्या महिन्यात असल्याच पत्र्यावर, निकेल ऑक्साइडच्या असल्याच थरावर, बुडबुड्यांची नुसती झुंबड उडाली होती — इतक्या थोड्या विजेत पाणी फुटून ऑक्सिजन निघत होता... तोही लोखंडाचा कण न मिसळता! लोखंड घातलं की हे साधतं, हे सगळ्यांनाच ठाऊक. कीर्तीनं ते लोखंडाशिवाय साधलं होतं. पीएच.डी.च्या चार वर्षांत पहिल्यांदा सरांनी तिला स्वतःच्या हातानं चहा दिला होता. परवा साताऱ्याच्या परिषदेत ती हेच वाचणार, आणि आज ही तऱ्हा. सूट की मेल्या.

दुपारी पलूसहून आईचा फोन आला. जेवलीस का, भाजी खारट झाली का, हे रोजचं झालं, मग आई जरा ओशाळून म्हणाली, "तुझा पाण्याचा कॅन या खेपेला तसाच गेला बघ. मी बस्तीत भगवंताच्या अभिषेकाला गेलेली, गाळायचं ऱ्हाऊनच गेलं."

"गाळायचं?"

"व्हय. मागल्या खेपेला गाळून, उकळून भरून ठेवलं होतं की. न गाळलेलं पाणी वापरायचं न्हाई आपल्या जैनांत."

शनिवारी सांगलीत डिस्टिल्ड पाण्याचा कॅन विकत घ्यायचा, रविवारी तो घरी ओट्याखाली, सोमवारी प्रयोगशाळेत... आणि एवढं पाणी एकदम उकळायला घरात भांडं एकच — काकवीची जुनी लोखंडी कढई. कीर्तीनं पुन्हा पत्र्याकडे पाहिलं. कढईतलं लोखंड पाण्यात, पाण्यातून थरावर... म्हणजे ती झुंबड माझी नव्हतीच, कढईची होती. चार वर्षं गेली पाण्यात. तिला रागानं ओरडायचं होतं, पण डोळ्यांपुढे आई आली — दुहेरी फडकं धरून, गुडघा दुखत असताना, लेकीच्या हातून नकळत एखादा जीव मरू नये म्हणून पाच लिटर पाणी धार मोडू न देता ओतणारी... लेक कसला अभ्यास करते ते तिला कधी नीट कळलं नाही, आणि कीर्तीनंही कधी बसून सांगितलं नव्हतं.

सरांना सांगायला हवं. आजच. साताऱ्याचं काय व्हायचं ते होवो.

"गप का गं? काय चुकलं का माझं?"

"नाही गं आई," कीर्ती म्हणाली. आपण खोटं बोललो असं तिला वाटेना, आणि राग शोधूनही सापडेना.