आईच्या मापाचा चष्मा

“बाबा, पडदा ओढा ना जरा.”

चष्मेवाला दचकला. बायको म्हणायची तेच शब्द, तोच दमलेला सूर. वळून पाहिलं तर लेक होती, कपाळावर आडवा हात धरून. तिच्या आईने शेवटची वर्षं याच खोलीत, याच खुर्चीत अशीच काढली होती. उजेड सुईसारखा टोचायचा तिला. गावभराला चष्मे बसवून देणाऱ्या नवऱ्याने तिच्या चष्म्यात काळ्या काचा घालून पाहिल्या, तर तिला समोरचं ताटही दिसेना. मग ती पडद्याआड बसून राहिली आणि तशीच गेली.

आता लेकीचे डोळेही त्याच वाटेला लागले होते.

त्याने पडदा ओढला नाही. खिशातून चष्मा काढला. “आधी हा घाल.”

“ही तर आईची फ्रेम.”

“काचा नव्या. नंबर तुझा.”

“काच कसली, प्लास्टिकच आहे की.”

“प्लास्टिकच. पण ओतताना त्यात पूड कालवलीय. इतकी बारीक, की काच जराशी पिवळट दिसते, बस. टोचणारा उजेड तेवढा अडवते, बाकीचा सोडते.”

“म्हणजे न दिसणारी पूड विकता तुम्ही. बरा धंदा आहे.”

तिने चष्मा घातला, खिडकीकडे पाहिलं. कपाळावरचा हात हळूहळू खाली आला. त्याचा जीव भांड्यात पडला. पण ती उठली आणि तिने पटकन टेबल धरलं.

“जमीन कलतेय, बाबा.”

“असं कसं होईल?”

“माझं माप कधी घेतलंत?”

काच कापण्याआधी काचेचा मध्य बरोबर डोळ्याच्या बाहुलीसमोर येईल अशी पेनाने खूण करायची, हे तो झोपेतही चुकला नसता. लेकीचं माप आपल्याला पाठ आहे, या भरवशावर त्याने मोजपट्टी लावलीच नव्हती. आता लावली. काचांचे दोन्ही मध्य लेकीच्या बाहुल्यांपासून बाहेरच्या बाजूला सरकले होते. एकमेकांपासून इतके दूर डोळे घरात एकीचेच होते.

“मग हे माप कुणाचं?” लेकीने विचारलं, आणि विचारता विचारता तिला कळलं.

“तिला बरोबर बसला असता,” तो म्हणाला.

लेक आईच्या खुर्चीत बसली, उजेडाकडे तोंड करून. “आता माझं घ्या.”

दोन दिवसांनी ती नव्या फ्रेमचा चष्मा घालून जिना उतरली आणि भर उन्हात चालू लागली. त्याने खिडकीतून पाहिलं. आईचा चष्मा खुर्चीवर तसाच होता. दुकान बंद करताना मिटतात तशा त्याच्या काड्या मिटायला हात गेला.

मिटवेनात. त्याने काचा पुसल्या आणि चष्मा खिडकीकडे तोंड करून ठेवला.