प्रवेश खुला

मित्रांनो, माझ्या कण्यावरची अक्षरं आता पुसट झाली आहेत, पण नीट पाहिलंत तर ‘शहराचं वर्ष’ एवढं वाचता येईल. मी एका मोठ्या शहराची जुनी मार्गदर्शिका आहे. वर्षभरात तिथे कुठले मेळे, शर्यती आणि प्रदर्शनं भरतात, ते परगावच्या पाहुण्यांना सांगणं हे माझं काम. ते मी इमानेइतबारे केलं. फक्त एका पानाची मला लाज वाटते, आणि आज त्या पानाबद्दलच सांगायचं आहे.

मला ज्यांनी लिहिलं त्या बाई शहराच्या पर्यटन कार्यालयात नोकरीला होत्या. तिथे सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांचे मामा मात्र भिंगरी म्हणत, कारण लहानपणापासून त्यांचा पाय घरात ठरत नसे. मला घडवायला तेच पाय कामी आले. दोन वर्षं ताई प्रत्येक कार्यक्रमाला स्वतः जाऊन आल्या. होड्यांची शर्यत कुठल्या पुलावरून चांगली दिसते, फुलांच्या प्रदर्शनाला सकाळी दहाच्या आत का जावं, पुस्तक मेळ्यात स्वच्छ संडास कुठल्या फाटकापाशी आहे, सगळं त्यांनी वहीत टिपलं. त्या संडासाच्या ओळीसाठी किती आयांनी मला दुवा दिला म्हणून सांगू!

तेव्हा मी नुसत्या पेन्सिलीच्या ओळी होते. छपाईला जायच्या आदल्या दिवशी संपादकांनी पानं मोजली आणि मार्च महिन्यात एक पान कोरं निघालं.

“ताई, कोरं पान गेलं तर लोक म्हणतील, हे विसरले,” ते म्हणाले. “काहीतरी टाका. पाचपर्यंत द्या.”

ताईंच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली आणि ती लिहायची नव्हती.

त्यांच्या मामांचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकानामागे फरसबंद अंगण होतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी दुपारी, वर्षभरात ज्यांची वाद्यं मामांनी दुरुस्त केली असतील ती माणसं आपापलं वाद्य घेऊन तिथे जमत आणि येईल तसं वाजवत. शाळेतल्या बाई, बस चालवणारे एक गृहस्थ, दोन जावा आणि कोपऱ्यावरचे शिंपीकाका. मिळून तीसेक जण. शिंपीकाका व्हायोलिनवर दरवर्षी एकच धून वाजवायचे आणि दरवर्षी एकाच जागी अडखळायचे. मग म्हणायचे, “थांबा हं,” आणि पहिल्यापासून सुरू करायचे. सगळे थांबायचे. कुणी कुणाकडे बघायचंसुद्धा नाही.

आदल्याच महिन्यात ताईंनी मामांना विचारलं होतं, “मामा, तुमचं अंगण घालू का पुस्तकात?”

मामा लाकूड चिकटवायचा सरस ढवळत होते. मान वर न करता म्हणाले, “नको गं भिंगरे. आमच्याकडे माणसं चुकायला येतात. चुकताना परकं माणूस समोर नको वाटतं.”

“बरं,” ताई म्हणाल्या होत्या.

आणि तरी त्या दिवशी पावणेपाचला त्यांनी लिहिलं. मामांवरच्या मायेनेच लिहिलं, म्हणून ते फार सुंदर उतरलं. चौसष्टाव्या पानावर ते अजून आहे. ‘एक शिंपी व्हायोलिन वाजवतात. एका ठराविक जागी ते दरवर्षी अडखळतात आणि हसून पुन्हा सुरुवात करतात. तो क्षण चुकवू नका.’ खाली पत्ता, दिवस, वेळ. आणि इतर पानांवर असतात तसे दोन शब्द: ‘प्रवेश खुला’. हे दोन शब्द त्यांना कुणीही सांगितले नव्हते.

मग मी छापले गेले, घड्या पडल्या, शिवले गेले, कडा कापून सरळ झाले. बाइंडरने पहिली प्रत ताईंच्या हातात ठेवली, ती मी. माझ्या पाच हजार बहिणी शहरभर गेल्या आणि मी ताईंच्या पिशवीत राहिले. वर्तमानपत्रांनी आमचं कौतुक केलं. एका पाहुण्याने तर पत्र पाठवलं, की शहर आम्ही पाहिलं नाही, तुमच्या पुस्तकाने दाखवलं. मी फुशारले. ते चौसष्टावं पान माझ्या पोटात होतं, पण मला ते टोचत नव्हतं. ताईंना टोचत असावं. मामांना प्रत द्यायला त्या तीनदा निघाल्या आणि तीनदा वाटेतून परत फिरल्या.

मार्चचा शेवटचा रविवार आला. ताई पिशवी खांद्याला लावून अंगणाच्या बोळात शिरल्या आणि थबकल्या. बोळात रांग होती. रांगेतल्या माणसांच्या हातांत माझ्या बहिणी होत्या, आणि जवळजवळ सगळ्या चौसष्टाव्या पानावर उघडलेल्या.

आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. मामांच्या खुर्च्या पाहुण्यांनी भरल्या होत्या आणि नेहमीची मंडळी भिंतीला टेकून उभी होती. दोघी जावांनी आपापल्या वाद्यांच्या पेट्या उघडल्याच नाहीत. मामांनी ताईंना पाहिलं. एका बाईंनी मामांना विचारलं, “ते अडखळणारे कधी आहेत?”

शिंपीकाका पुढे आले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि धून सुरू केली. ती जागा जवळ येऊ लागली तसे लोकांनी फोन उंच धरले. पुस्तकात बोट घालून कुणी शेजाऱ्याला कोपराने खुणावलं.

आणि मित्रांनो, त्या वर्षी शिंपीकाका अडखळले नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा गज त्या जागेवरून अलगद निघून गेला आणि धून शेवटापर्यंत वाजली.

भिंतीपाशी बस चालवणाऱ्या गृहस्थांनी दोन्ही हात वर केले. शाळेतल्या बाई रडायलाच लागल्या. पण त्यांचा आवाज कुणाला ऐकू येणार? गर्दीतून मोठा हिरमुसलेला “अरेरे” उठला. मग मागून कुणीतरी अगदी प्रेमाने ओरडलं, “काका, पुन्हा एकदा! पुस्तकात आहे तसं वाजवा ना!”

सगळे हसले. शिंपीकाकाही कसंनुसं हसले. त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या आणि ते गर्दीतून वाट काढत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ताई त्यांच्या दुकानात गेल्या. काका कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होते.

“काका, ते मी लिहिलं होतं,” ताई म्हणाल्या. “मामा नको म्हणाले होते, तरी लिहिलं.”

“बघू,” काका म्हणाले.

ताईंनी मला पिशवीतून काढलं. काकांनी चष्मा पुसला, मला कापायच्या टेबलावर ठेवलं आणि चौसष्टावं पान सावकाश वाचलं. त्यांचं बोट माझ्या ओळींवरून फिरत होतं. माझं पान फाटून गेलं असतं तर बरं, असं मला त्या घडीला वाटलं.

“छान लिहिलंय हो,” ते म्हणाले. “नाव नाही घातलंत माझं. नुसतं बोट दाखवलंत.”

ताईंनी मला मिटलं.

“अकरा वर्षं लागली त्या जागेला,” काका म्हणाले, आणि पुन्हा उसवायला लागले.

मामांनी अंगणाला कुलूप घातलं. त्यावर ते एकदाच बोलले. “तू वाईट लिहिलंस असं नाही गं. विचारलंस, मी नको म्हटलं, तू बरं म्हणालीस. मग मी निर्धास्त राहिलो.”

ताईंनी जमेल ते केलं. कार्यालयात सगळं कबूल केलं. ‘हा कार्यक्रम आता होत नाही’ अशा चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि स्टेशनवरच्या खिडकीपासून हॉटेलांच्या टेबलांपर्यंत फिरून उरलेल्या प्रतींवर स्वतःच्या हाताने चिकटवल्या. पण विकल्या गेलेल्या बहिणींना कोण गाठणार? पुढच्या मार्चमध्येही लोक आले आणि बंद दार पाहून, माझ्या नावाने बोटं मोडत परत गेले. त्यानंतर नवी आवृत्ती निघाली, तिच्यात ते पान नव्हतं. मला आता कुणी विचारत नाही. ताई मात्र मला पिशवीतून काढत नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्या रविवारला चार वर्षं झाली. एका दुपारी ताई मामांकडे चहाला गेल्या होत्या. मामा कुणाच्या तरी व्हायोलिनचा गज घोड्याच्या नव्या केसांनी भरत होते, तंद्रीत होते. बोलता बोलता म्हणाले, “यंदा शिंप्याने नवीनच धून घेतली आणि दोन्ही जावांनी तर—”

आणि ते थांबले.

ताईंचा कप हातातच राहिला. अंगणाला तर चार वर्षं कुलूप होतं. म्हणजे ती माणसं जमत होती, दुसरीकडे कुठेतरी, ताईंना न सांगता. कुठे? कधी? किती वाजता? मार्गदर्शिकेचा जन्मच या तीन प्रश्नांवर जातो. माझं पान न् पान ते विचारायला शिवशिवलं. ताईंचे ओठही जरा हलले.

मग त्यांनी कप खाली ठेवला. “चहा छान झाला होता, मामा,” त्या म्हणाल्या. दोघांचे कप त्यांनीच विसळले, ओट्यावर पालथे घातले आणि पिशवी उचलली.

मामा दारापर्यंत आले. पुष्कळ दिवसांनी म्हणाले, “येत जा गं, भिंगरे.”

मित्रांनो, तुमच्यापाशी आता माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने सांगणारी साधनं आहेत. कुणी विश्वासाने तुम्हाला आपलं काही दाखवलं, तर ते दुसऱ्याला सांगण्याआधी त्याला विचारा. तो नको म्हणाला, तर तिथेच थांबा. ते कितीही सुंदर असलं तरी थांबा. तेवढं जपलंत तर माझी छपाई अगदीच वाया गेली असं मी म्हणणार नाही.

शिंपीकाकांची नवी धून कशी आहे, ती कुठल्या अंगणात वाजते, तिच्यात ते कुठे अडखळतात, यातलं मला काहीच ठाऊक नाही. ते कुठल्याच पानावर नाही.